दहा हजार गाण्यांसाठी कोणता प्लेअर घ्यावा?

प्रश्न: माझ्याकडे १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आहे. त्याची बॅटरी आता दीड तासात संपते आणि आतली हार्ड डिस्क मधूनच टकटक करते. काँप्युटरवर ४१० सीडींवरून काढलेल्या फ्लॅक (आवाजाचं काही न गमावता दाबलेल्या) फायली आहेत. शिवाय ३२० केबीपीएसची साठ जीबी एमपीथ्री गाणी आणि दहा जीबी ऑडिओबुक्स आहेत. सगळं मिळून दहा हजारांच्या आसपास फायली होतात. रोज दोन तास प्रवासात उभ्याने ऐकते, खिशात हात घालून न बघता गाणं बदलता यायला हवं. रात्री तासभर ब्लूटूथ हेडफोन लावते. वायरचे दोन आहेत, एक ३२ ओमचा मोठा बंद हेडफोन आणि एक १६ ओमचे इअरफोन. फोनला जॅक नाही, आणि ऐकताना फोन हातात नकोच वाटतो. बटणांचा छोटा प्लेअर घ्यावा, अँड्रॉइडवाला मोठा घ्यावा, की फोनलाच छोटा डॅक (फायलीतल्या आकड्यांचा आवाज बनवणारं यंत्र) लावून भागवावं? जाहिरातींत चिपची नावं, डीएसडी, ३२ बिट असं काय काय लिहिलेलं असतं. त्यातलं नेमकं काय बघू? आणि जुन्याचं काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे. तुम्ही बटणांचा, स्वतःची साधी प्रणाली असलेला छोटा प्लेअर घ्या आणि त्यात २५६ जीबीचं चांगलं मायक्रोएसडी कार्ड घाला. अँड्रॉइडवाला तुम्हाला लागणार नाही. फोनला डॅक लावण्याचा मार्ग वाईट नाही, पण तो तुमच्या सवयींना धरून नाही.

आधी जागेचा हिशेब करू, कारण पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. सीडीवरच्या आवाजाचा दर सेकंदाला १,४११ किलोबिट असतो, म्हणजे एका तासाला सुमारे ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये ते साधारण ५५ ते ६० टक्क्यांवर येतं, तासाला ३५० ते ३८० एमबी. एक सीडी सरासरी पन्नास मिनिटांची धरली तर ४१० सीडींचे ३४० तास होतात आणि त्यांना १२० ते १३० जीबी लागतात. त्यात साठ आणि दहा मिळवले की आकडा दोनशेच्या आत राहतो. २५६ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये २३८ जीबी दिसतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. म्हणजे चाळीसेक जीबी मोकळे राहतील, आणखी शंभरावर सीडी मावतील. ५१२ जीबीचं कार्ड घ्यायचं असेल तर प्लेअरच्या माहितीपत्रकात तेवढ्या क्षमतेचा स्पष्ट उल्लेख हवा. ‘२५६ पर्यंत’ लिहिलेल्या प्लेअरमध्ये मोठं कार्ड पुष्कळदा चालतं, पण नाही चाललं तर तक्रारीला जागा राहत नाही.

फोन आणि डॅकचा पर्याय मी का बाजूला ठेवते ते सांगते. आवाजात तो कुठेही कमी पडत नाही. यूएसबी-सीला लावायचा बोटभर डॅक चांगला असेल तर ३२ ओमच्या हेडफोनवर तो आणि महागडा प्लेअर यांत फरक ओळखणं कठीण आहे. ज्याची गाणी थोडी आहेत किंवा जो मुख्यतः स्ट्रीमिंगवर ऐकतो, त्याला मी डॅकच सुचवते. तुमची अडचण वेगळी आहे. गाणी दोनशे जीबी, आणि जॅक नसलेल्या फोनला बहुधा कार्डाची खाचही नसते, हा पहिला अडसर. डॅक लावलेला असताना बहुतेक फोन चार्ज करता येत नाहीत, आणि डॅकही फोनच्याच बॅटरीवर चालतो. खिशात फोनच्या तळाशी लटकणारा डॅक यूएसबीच्या खाचेवर सतत ताण देतो, मग काही महिन्यांनी ती सैल होते आणि चार्जिंगही अडखळायला लागतं. त्यात तुम्हाला ऐकताना फोनच नको आहे.

अँड्रॉइडवाल्या प्लेअरचा खरा उपयोग एकच आहे, त्यावर स्ट्रीमिंगची अॅप चालतात आणि त्यांतली गाणी उतरवून ठेवता येतात. त्यासाठी तुम्ही मोठी स्क्रीन, सुरू व्हायला लागणारा वेळ आणि नुसतं पडून असतानाही उतरणारी बॅटरी हे सगळं पत्करता. अशा प्लेअरवरचं अँड्रॉइड विकत घेतानाच एक-दोन पिढ्या जुनं असतं आणि त्यापुढे क्वचितच बदलतं. काही वर्षांनी अॅपवाले जुन्या अँड्रॉइडचा आधार काढून घेतात. यंत्र ठणठणीत असूनही ज्या कामासाठी घेतलं ते काम बंद पडतं. स्वतःच्या फायली वाजवणाऱ्या साध्या प्लेअरला हा धोका नाही, फ्लॅक आज वाजतं तसं वीस वर्षांनीही वाजेल. तरी पुढेमागे स्ट्रीमिंग घ्यायचं मनात असेल, तर कडेला वेगळी बटणं आणि खिशात बटणं चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून ‘होल्ड’ची कळ असलेलाच बघा, आणि आतली जागा तपासा. ३२ जीबी लिहिलेल्या यंत्रात प्रणालीने व्यापलेली जागा वजा केल्यावर वीस जीबीसुद्धा हाती लागत नाहीत, असं घडतं.

आता जाहिरातीतल्या शब्दांकडे. चिपचं नाव बघून प्लेअर घेऊ नका. ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक यांच्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या कुठल्याही बऱ्या चिपचा दोष कानाच्या मर्यादेखाली आहे. आवाज बिघडतो तो चिपच्या पुढे, अॅम्प्लिफायरमध्ये आणि वीजपुरवठ्याच्या मांडणीत. डीएसडी हा २.८२२४ मेगाहर्ट्झवर एकेका बिटने नोंदवलेला वेगळा प्रकार आहे. तुमच्याकडे त्याची एकही फाइल नाही, तेव्हा तो चालला काय आणि न चालला काय. ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ हे आकडे प्लेअर जास्तीत जास्त काय स्वीकारू शकतो ते सांगतात. तुमच्या सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या आहेत आणि त्या तशाच वाजणार. रात्री ब्लूटूथवर ऐकताना तर प्लेअरमधला डॅक आणि अॅम्प्लिफायर वापरातच नसतात. गाणं पुन्हा दाबून आकड्यांच्याच रूपात हवेतून जातं आणि त्या आकड्यांचा आवाज हेडफोनमधली चिप बनवते. तुमच्या ऐकण्याचा एक तृतीयांश भाग त्या चिपवर अवलंबून आहे.

आकडा बघायचाच असेल तर ‘आउटपुट इम्पिडन्स’, म्हणजे प्लेअरचा ओममध्ये मोजलेला स्वतःचा विद्युत रोध, बघा. जाहिरातीत तो क्वचित असतो, पण तपशिलाच्या पानावर तळाशी सापडतो. हेडफोनच्या ओमच्या एक अष्टमांशापेक्षा तो जास्त नसावा. म्हणजे ३२ ओमला ४ पर्यंत चालेल, तुमच्या १६ ओमच्या इअरफोनला २ पर्यंतच. याचं कारण असं की प्लेअरचा आणि हेडफोनचा रोध व्होल्टेज आपसांत वाटून घेतात. हेडफोनचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो, कुठे १६ ओम तर कुठे ६०. प्लेअरचा रोध मोठा असला की जिथे हेडफोनचा रोध कमी तिथला आवाज दबतो आणि जिथे जास्त तिथला वर येतो. एकाच कानात दोन-तीन ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) असलेल्या इअरफोनमध्ये हे ठळक ऐकू येतं, खर्ज पातळ होतो किंवा वरचा भाग बोचायला लागतो. एकच साधा ड्रायव्हर असेल तर फरक नगण्य असतो. तुमच्या इअरफोनमध्ये कोणता प्रकार आहे ते खोक्यावर बघून घ्या.

ताकदीबद्दल फार विचार नको. १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणाऱ्या ३२ ओमच्या हेडफोनला ११० डेसिबलच्या क्षणिक उसळीसाठी १० मिलिवॅट, म्हणजे ०.५७ व्होल्ट लागतात. पूर्ण एक व्होल्ट देणारा छोटा प्लेअर त्याला पुरून उरतो. तीच संवेदनक्षमता असलेल्या ३०० ओमच्या हेडफोनला मात्र १.७ व्होल्ट लागतील, आणि छोटे प्लेअर तिथे थकतात. तुलना करताना एक खबरदारी घ्या. काही कंपन्या संवेदनक्षमता एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. ३२ ओमच्या एकाच हेडफोनचे हे दोन आकडे १०० आणि ११५ असे निघतात, आणि दुसरा हेडफोन फार जोरदार आहे असा समज होतो.

४.४ मिलिमीटरचा ‘बॅलन्स्ड’ जॅक दिसेल. त्यातून व्होल्टेज दुपटीपर्यंत मिळतं, पण तुमच्या दोन्ही हेडफोनना ३.५ मिलिमीटरची पिन आहे आणि त्यांना जास्त व्होल्टेज लागत नाही. अडॅप्टर लावून ३.५ची पिन ४.४च्या जॅकमध्ये मात्र कधीही घालू नका. बॅलन्स्ड जॅकमध्ये डाव्या-उजव्या कानाच्या परतीच्या तारा वेगळ्या असतात आणि त्या दोन्हींवर सिग्नल असतो. ३.५च्या पिनेत त्या एकत्र जोडलेल्या असल्याने शॉर्ट होतं आणि अॅम्प्लिफायर जळू शकतो. उलट दिशेने, म्हणजे ४.४ची पिन अडॅप्टरने ३.५च्या जॅकला लावायला हरकत नाही.

तुमच्या बाबतीत प्लेअरची खरी कसोटी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि हा भाग जाहिरातीत येतच नाही.

दहा हजार फायली हा आकडा लहान प्लेअरच्या डोक्याबाहेरचा असू शकतो. त्यांची स्मृती थोडी असते. कलाकार, अल्बम, शीर्षक यांची सूची बनवताना ती भरली की सूची तिथेच थांबते. पुढचे अल्बम कार्डावर असूनही यादीत दिसत नाहीत, आणि बहुतेक यंत्रं तसं सांगतही नाहीत. म्हणून ‘किती जीबीचं कार्ड चालतं’ या प्रश्नाइतकाच ‘सूचीत किती गाणी मावतात’ हा प्रश्न विचारा. मर्यादा कमी असेल तरी फोल्डर उघडून गाणी वाजवण्याची सोय असेल तर ती आड येत नाही. तुमच्या सीडी ‘कलाकार’, त्यात ‘अल्बम’ अशा फोल्डरांत आधीच लावलेल्या असतील तर तुम्ही सूची कधी उघडणारही नाही.

दुसरी गोष्ट दोन ट्रॅकमधल्या खंडाची. मैफलीच्या सीडीवर विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे ट्रॅक बदलतो, पण गाणं थांबलेलं नसतं. वाईट प्लेअर तिथे अर्धा सेकंद मुका होतो आणि सम हातातून निसटते. फ्लॅकमध्ये फाइलच्या टोकांना फालतू शांतता नसते, त्यामुळे प्लेअरने पुढची फाइल वेळेत उघडली की काम होतं. एमपीथ्रीचं तसं नाही. त्याच्या चौकटी १,१५२ नमुन्यांच्या असतात आणि फाइल बनवताना सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता भरली जाते. लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रॅमने केलेल्या फायलीत ती किती हे सुरुवातीलाच नोंदलेलं असतं. प्लेअरने ती नोंद वाचली तरच ट्रॅक सलग जोडले जातात. माहितीपत्रकात ‘गॅपलेस’ लिहिलेलं असलं तरी फ्लॅक आणि एमपीथ्री दोन्हींवर वेगवेगळं तपासा.

ऑडिओबुकसाठी कुठवर ऐकलं ती जागा प्लेअरने लक्षात ठेवणं महत्त्वाचं. बरेच संगीत-प्लेअर शेवटचं गाणं लक्षात ठेवतात, पण मधे दुसरं काही ऐकलंत की सात तासांच्या पुस्तकात तुम्ही कुठे होतात हे विसरतात. प्रत्येक फाइलसाठी वेगळी खूण ठेवणारा प्लेअर मिळाला तर उत्तम. नाहीतर पुस्तकं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत कापून क्रमांक द्या, म्हणजे विसर पडला तरी फार मागे जावं लागणार नाही. एम४बी प्रकारच्या फायली असतील तर त्या चालतात का ते आधी विचारा, लहान यंत्रांत त्या पुष्कळदा दिसतच नाहीत.

गाण्यांची नावं देवनागरीत असतील तर प्लेअर हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नका. काहींत नुसते चौकोन दिसतात. काहींत अक्षरं दिसतात पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. अक्षरं येतच नसतील तर दोष फायलीतही असू शकतो. एमपीथ्रीचे टॅग, म्हणजे फायलीतच लिहिलेली गाण्याची व कलाकाराची नावं, आयडी३ या पद्धतीच्या २.४ या आवृत्तीत असले की साधे प्लेअर ते वाचत नाहीत. एमपीथ्रीटॅग या विंडोजवर मोफत असलेल्या प्रोग्रॅममध्ये २.३, यूटीएफ-१६ हा पर्याय निवडून सगळ्या फायली पुन्हा साठवल्या की हा प्रश्न सुटतो. फ्लॅकचे टॅग मुळातच यूटीएफ-८ असतात, त्यांना हात लावायची गरज नाही. मोडकी जोडाक्षरं मात्र प्रणालीचाच दोष आहेत, तो टॅग बदलून जात नाही.

ब्लूटूथच्या बाबतीत प्लेअर आवाज पाठवतो की नुसता स्वीकारतो हे आधी नक्की करा. काही यंत्रांतलं ब्लूटूथ फोनचा आवाज घेण्यापुरतंच असतं. मग कोडेक, म्हणजे हवेतून पाठवण्यासाठी आवाज दाबायची पद्धत, जुळवा. एसबीसी सगळ्यांना येतो आणि त्याची कमाल साधारण ३२८ केबीपीएस असते. एलडॅक ३३०, ६६० आणि ९९० अशा तीन पायऱ्यांवर चालतो, पण तो प्लेअर आणि हेडफोन दोघांनाही यायला हवा. एका बाजूला नसेल तर जोडणी गुपचूप दोघांना येणाऱ्या दुसऱ्या कोडेकवर, पुष्कळदा एसबीसीवर, येते. तुमचा हेडफोन फक्त एसबीसी आणि एएसी जाणत असेल, तर एलडॅकसाठी जादा पैसे मोजू नका.

बॅटरीचा छापील आकडा बहुधा स्क्रीन बंद, आवाज कमी, एमपीथ्री आणि वायरचा हेडफोन अशा परिस्थितीतला असतो. फ्लॅक, ब्लूटूथ आणि वारंवार उजळणारी स्क्रीन यांत तो बराच घटतो. छापील पंधरा तासांचे दहा धरले तर तुमच्या रोजच्या तीन तासांना तिसऱ्या दिवशी चार्जिंग लागेल, ते ठीक आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅटरी बदलता येते का. मागचं झाकण स्क्रूंनी बसवलेलं असेल तर तीन-चार वर्षांनी कुठलाही दुरुस्ती करणारा ती बदलून देईल. दोन्ही बाजूंनी काच चिकटवलेली असेल तर झाकण उघडतानाच तडा जाण्याची भीती असते. तुमच्या आयपॉडने तुम्हाला हा धडा दिलेलाच आहे, म्हणून तुम्ही याला जास्त वजन द्यावं असं मला वाटतं.

फिओ, हायबाय, शानलिंग, सोनी असे बरेच जण प्लेअर बनवतात. मॉडेलं दरवर्षी बदलतात, त्यामुळे नावापेक्षा या अटी लिहून घेऊन त्यांना उतरेल तो निवडा. बटणांबद्दल एक अट जास्तीची: स्क्रीन बंद असताना पुढे, मागे, थांबा आणि आवाज ही चारही कामं बटणांनी होतात का? काही यंत्रांत स्क्रीन बंद झाली की आवाजाचीच बटणं जिवंत राहतात. बहुधा सेटिंगमध्ये ते बदलता येतं, पण सगळीकडे नाही.

आता कार्ड. इथे माणसं सगळ्यात जास्त फसतात. बनावट कार्डातली चिप स्वतःची क्षमता २५६ जीबी सांगते, आत खरी जागा ३२ असते. ती भरली की पुढची गाणी आधीच्यांवर लिहिली जातात किंवा हवेत विरतात. यादी पूर्ण दिसते, पण गाणी मधेच तुटतात आणि माणूस प्लेअरला दोष देतो. म्हणून नवं कार्ड आधी तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरतात आणि परत वाचून ताडतात. २५६ जीबीला चांगल्या रीडरवरही दोनेक तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. वेगाच्या महागड्या वर्गाची गरज नाही. फ्लॅक वाजवायला सेकंदाला एक एमबीसुद्धा लागत नाही, वेगवान कार्डाचा फायदा फक्त भरताना होतो.

तपासल्यावर कार्ड प्लेअरमध्ये घालून तिथेच फॉरमॅट करा. ६४ जीबीपासून पुढची कार्डं एक्सफॅट या फायली मांडण्याच्या पद्धतीत येतात, जुनी पद्धत फॅट३२. प्लेअर फक्त फॅट३२ वाचणारा असेल तर विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर तो पर्याय दाखवत नाही, तिथे रुफससारखा प्रोग्रॅम वापरावा लागतो. गाणी भरताना प्लेअर केबलने जोडू नका, कार्ड काढून यूएसबी ३ च्या रीडरमध्ये घाला. प्लेअरमधून सेकंदाला वीस एमबी वेग मिळाला तर दोनशे जीबीला पावणेतीन तास जातात आणि मधेच जोडणी तुटली की कुठपर्यंत आलो ते कळत नाही. रीडरमधून तेच काम तासाभरात आटोपतं. भरून झाल्यावर ‘इजेक्ट’ करूनच कार्ड काढा, नाहीतर फायलींची शेवटची नोंद लिहायची राहते आणि अख्खं फोल्डर नाहीसं होतं.

मॅक वापरत असाल तर कार्डावर ‘._’ ने सुरू होणाऱ्या बारीक लपलेल्या फायली तयार होतात आणि प्लेअर त्यांना बिघडलेली गाणी समजतो. टर्मिनलमध्ये ‘dot_clean -m’ ही आज्ञा कार्डावर चालवली की त्या जातात.

भरण्याआधी फायलींच्या नावांना ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्या. नुसते १, २ दिलेत तर काही प्लेअर १ नंतर १० वाजवतात. नावं नीट असूनही क्रम उलटसुलट झाला, तर तुमचा प्लेअर नावांकडे न बघता कार्डावर नोंद ज्या क्रमाने झाली तो क्रम पाळतो आहे. फॅटसॉर्टर किंवा ड्राइव्हसॉर्ट चालवून ती नोंद नावाप्रमाणे लावता येते.

अल्बमची चित्रं ५०० बाय ५०० पिक्सेलपर्यंत आणि साध्या जेपेगमध्ये ठेवा. ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपेग अनेक छोट्या प्लेअरना उलगडता येत नाहीत. तीन हजार पिक्सेलची चित्रं असली की प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला यंत्र अडखळतं. जुन्या सीडी हळू आणि नवी एमपीथ्री गाणी कर्कश वाजतात, तो खेळ थांबवायला फूबार२००० मध्ये सगळ्या फायलींवर रिप्लेगेन चालवा. ते फायलीतला आवाज बदलत नाही, किती कमी-जास्त करायचा एवढा आकडा टॅगमध्ये लिहितं. प्लेअरला तो वाचता यायला हवा, म्हणून हीसुद्धा एक अट धरा. मिसळून ऐकताना ‘ट्रॅक’, पूर्ण अल्बम ऐकताना ‘अल्बम’ निवडायचं.

प्लेअर घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत त्याला राबवा. पहिल्याच दिवशी पूर्ण भरलेलं कार्ड घाला, चार गाणी टाकून बघण्यात काही कळत नाही. सूची पूर्ण बनू द्या, मग वर्णक्रमातल्या शेवटच्या कलाकाराचे सगळे अल्बम दिसतात का बघा. १६ ओमचे इअरफोन लावून शांत खोलीत गाणं थांबवा आणि सुंऽऽ असा आवाज येतो का ऐका. संवेदनशील इअरफोनवरच तो कळतो, मोठ्या हेडफोनवर कळणार नाही. आवाजाची सगळ्यात खालची पायरी रात्रीसाठी पुरेशी हळू आहे का तेही याच इअरफोनवर बघा. एकूण तीसच पायऱ्या असतील तर पहिलीच मोठी निघते. ब्लूटूथ लावून प्लेअर मागच्या खिशात ठेवा आणि चाला. शरीर आडवं आल्यावर आवाज तुटत असेल तर अँटेना कमजोर आहे आणि तो दोष अपडेटने सुटत नाही. रात्री बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. बंद असताना दहा टक्क्यांहून जास्त उतरली असेल तर परत करा.

तुम्ही आठवड्याला वीस तासांवर ऐकता, म्हणून आवाजाच्या पातळीबद्दलही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास. प्रवासातल्या गोंगाटावर मात करायला आपण नकळत नव्वदीत जातो. इअरफोनची रबरी टोकं कानात घट्ट बसतील अशा मापाची घ्या. बाहेरचा आवाज अडला की तेच गाणं बऱ्याच खालच्या पायरीवर स्पष्ट ऐकू येतं. याचा तुमच्या ऐकण्यावर जेवढा परिणाम होईल तेवढा प्लेअर बदलूनही होणार नाही.

राहिला जुना आयपॉड. ती टकटक हार्ड डिस्क संपत आल्याची आहे. त्यावर असलेलं आणि काँप्युटरवर नसलेलं काही असेल तर ते आजच उतरवून घ्या, उद्यावर टाकू नका. त्यानंतर तो वाचवता येतो. डिस्कच्या जागी मायक्रोएसडी कार्ड बसवायचे छोटे बोर्ड मिळतात आणि बॅटरीही सुटी मिळते. काम बारीक आहे. क्लासिकचं मागचं धातूचं झाकण आतल्या खिट्ट्यांनी घट्ट धरलेलं असतं, उघडताना ते वाकतं आणि पुन्हा सरळ होत नाही. आतली रिबनची पट्टी ओढली तर तुटते. ज्याने हे आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. अॅपलची मूळ प्रणाली फ्लॅक वाजवत नाही. एकतर फायली अॅपल लॉसलेसमध्ये बदलाव्या लागतील, त्यात आवाजाचं काहीही नुकसान होत नाही, किंवा रॉकबॉक्स ही मोफत प्रणाली घालावी लागेल. ती फ्लॅक थेट वाजवते, ट्रॅक सलग जोडते आणि रिप्लेगेनही पाळते. ब्लूटूथ मात्र यांतल्या कुठल्याच प्रणालीने येत नाही. म्हणून रात्रीच्या तुमच्या तासासाठी नवा प्लेअर लागेलच, आणि दुरुस्त केलेला आयपॉड घरच्या स्पीकरला कायमचा जोडून ठेवता येईल.

तो उघडेपर्यंत एकच गोष्ट बघत राहा. मागचं झाकण फुगल्यासारखं वाटलं किंवा कडेला फट दिसली तर बॅटरी आत सुजली आहे. मग तो चार्जरला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि नेहमीच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.